तीन घरांचे मीठ

पाऊस सरता सरता घडलेली ही एक लहानशी गोष्ट आहे. आमच्या आमखास मैदानावर दोन मोहल्ल्यांतल्या मुलांचा फुटबॉलचा सामना ठरला होता. मैदानात चिखल, गोलाचे खांब म्हणून विटांच्या चार राशी आणि प्रेक्षक म्हणून चहाच्या टपरीवरची रिकामटेकडी मंडळी. पण चेंडूला पाय लागण्यापूर्वीच लढाई जुंपली. एका संघातला सर्वांत जुना, अनुभवी गडी त्या दिवशी समोरच्या संघातून उतरला होता! 'गद्दार', 'विकला गेला' अशा शेलक्या शब्दांचा मारा सुरू झाला. चौकशी केली तेव्हा कळले, की समोरच्यांनी त्याला बुटांची एक नवी जोडी दिली होती. इतके दिवस बिचारा अनवाणी खेळत होता.

सामना कसाबसा पार पडला. पण दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला त्या भांडणातला एक वीर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, बाजू बदलणारा माणूस गद्दारच की नाही?"

या शहरात इतिहासाच्या मास्तराला असला प्रश्न विचारणे म्हणजे मोहोळावर दगड मारण्यासारखे आहे. ज्या मैदानावर हे भांडण झाले, त्याच्या जवळच जामा मशीद उभी आहे आणि तिचा पाया घालणारा मलिक अंबर हाच मुळी एकदा नव्हे, अनेकदा विकला गेलेला माणूस. इथिओपियात जन्मला, लहानपणीच गुलामांच्या बाजारात उभा केला गेला, बगदादसारख्या ठिकाणांवरून हिंडत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा मंत्री चंगीझखान याने त्याला विकत घेतले. धनी वारल्यावर तो काही काळ विजापूरकरांच्या चाकरीत गेला, पुन्हा निजामशाहीत परतला आणि तेच बुडते राज्य त्याने मोगलांविरुद्ध वर्षानुवर्षे तोलून धरले. १६१० मध्ये खडकी वसवली ती त्याने. तीच पुढे औरंगाबाद झाली आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे.

आणि एकटा मलिक अंबर कशाला? १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने लढलेले शहाजीराजे वर्षभरात आदिलशाहीकडे गेले, पुन्हा निजामशाहीत आले, काही काळ मोगलांकडे राहिले आणि १६३६ नंतर पुन्हा आदिलशाहीत दाखल झाले. त्यांना कोणी बाजारबुणगा म्हणेल काय? त्या काळी सरदार आपली तलवार, आपले घोडे आणि आपली माणसे घेऊन चाकरीला राही. चाकरी बदलली तरी पराक्रम त्याचाच असे.

परंतु मुलांना सरदारांच्या गोष्टी सांगून भागत नाही. त्यांना फुटबॉलचे उत्तर हवे होते. म्हणून त्या तासाला मी त्यांना मोहंमद हबीबची गोष्ट सांगितली. तीच आज या दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

हबीब हैदराबादचा. हैदराबाद आणि आपण यांचे नाते जुने आहे. आसफजाही राजवटीची राजधानी आधी आमच्या या शहरात होती. १७६३ मध्ये ती हैदराबादला हलली. पुढे १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये भाषेप्रमाणे प्रांत झाले आणि घरे वेगळी झाली. पण एके काळी आम्ही एकाच छपराखाली नांदलो, हे खोटे नाही. त्या हैदराबादेत फुटबॉलचे जे वेड पिकले, त्याची मशागत करणारा माणूस एक शाळामास्तर होता, हे सांगताना माझी छाती थोडी फुगते, हे मी लपवत नाही. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे नाव. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावर १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे रोव्हर्स कप जिंकला. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत भारताला सुवर्णपदक मिळाले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो, तेही रहीम साहेबांच्याच शिकवणीने. १९६३ मध्ये ते वारले.

अशा गावात १९४९ साली हबीबचा जन्म झाला. पण फुटबॉल खेळून पोट भरायचे तर त्या काळी हिंदुस्थानात वाट एकच होती आणि ती कलकत्त्याच्या मैदानाकडे जात होती. दक्षिणेतल्या खेळाडूंना ती वाट ठाऊक होती. चाळिशीच्या अखेरीस ईस्ट बंगाल संघात अप्पाराव, सालेह, व्यंकटेश, धनराज आणि अहमद खान हे पाच दाक्षिणात्य आघाडीवर खेळत. बंगाल्यांनी त्यांना कौतुकाने 'पंचपांडव' म्हटले. १९४९ ते १९५१ अशी तीन वर्षे ईस्ट बंगालने आय. एफ. ए. शील्ड जिंकली. तेव्हा परगावच्या गड्याला डोक्यावर घेण्याची रीत तिथे होतीच. मात्र डोक्यावर घेणारे लोक खाली आपटायलाही कमी करत नाहीत.

येथे कलकत्त्याच्या वैराविषयी चार शब्द सांगायला हवेत. मोहन बागान हा क्लब १८८९ चा. २९ जुलै १९११ रोजी त्याच्या अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या बूटवाल्या गोऱ्यांना २-१ असे हरवून शील्ड जिंकली, तेव्हा साऱ्या देशाला आपणही साहेबाला हरवू शकतो असा धीर आला. ईस्ट बंगाल हा त्यामानाने धाकटा. १९२० मध्ये जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून शैलेश बोस नावाच्या पूर्व बंगालच्या खेळाडूला वगळले. त्या अपमानाने चिडून काही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी हा क्लब काढला. म्हणजे त्याचा जन्मच रुसव्यातून झालेला! पुढे १९४७ ची फाळणी झाली. पद्मेपलीकडचे लाखो लोक घरदार टाकून कलकत्त्यात आले. ज्यांचे गाव, तळे, देवघर सारे मागे राहिले, त्यांना आपल्या हरवलेल्या मुलखाचे नाव धारण करणारी एकच गोष्ट उरली आणि ती म्हणजे हा क्लब. लाल-पिवळा सदरा त्यांना गावाच्या मातीसारखा वाटे. बागान जिंकले की कोळंबीचा बेत आणि ईस्ट बंगाल जिंकले की हिलशाचा. असा हा वाद स्वयंपाकघरापर्यंत पोचलेला. तिसरा क्लब मोहमेडन स्पोर्टिंग. त्याचे चाहतेही तितकेच कडवे.

आपल्याकडे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम समोरासमोर आल्या म्हणजे पेठापेठांत जे वातावरण असते, ते शंभरपट करून पाहावे, म्हणजे कलकत्त्याची कल्पना येईल.

या तीन घरांमधून खेळाडू फोडणे हा हंगामापूर्वीचा एक वेगळाच खेळ होता. बंगालीत त्याला 'दलबदल' म्हणत. खेळाडूने आय. एफ. ए. च्या कचेरीत स्वतः हजर राहून नव्या क्लबसाठी सही करायची, असा नियम. सही झाली की वर्षभर तो त्या क्लबचा. साहजिकच सहीचा दिवस उजाडेपर्यंत क्लबवाले आपला माणूस कोणाच्या घरी, कोणत्या हॉटेलात लपवून ठेवत. विरोधी मंडळी त्याच्या मागावर असत. आमच्याकडे निवडणुकीनंतर नगरसेवकांना सहलीला नेतात ना, तसाच तो प्रकार!

या गर्दीत हबीब १९६६ मध्ये शिरला तो ईस्ट बंगालचा सदरा घालून. वय अवघे सतरा. दोन वर्षांनी तो मोहन बागानमध्ये गेला. १९७० मध्ये पुन्हा ईस्ट बंगालला परतला आणि १९७४ पर्यंत तिथे राहिला. ही पाचही वर्षे ईस्ट बंगालने कलकत्ता लीग जिंकली. १९७० मध्येच बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने ब्राँझपदक मिळवले. त्या संघात हबीब होता आणि कर्णधार सय्यद नईमुद्दीन हाही हैदराबादचाच.

१९७५ मध्ये हबीब मोहमेडनमध्ये गेला. १९७६ मध्ये मोहन बागानमध्ये. ज्या गड्याने पाच वर्षे ईस्ट बंगालला लीग जिंकून देण्यात घाम गाळला, तोच आता बागानच्या हिरव्या-तांबड्या सदऱ्यात! गंमत अशी, की ईस्ट बंगालचे शिक्षक पी. के. बॅनर्जी हेही त्याच वर्षी बागानला आले. म्हणजे शिष्यच नव्हे, गुरूही पलीकडे गेला. २४ जुलै १९७६ रोजी दोन्ही संघ भिडले. सामना सुरू होऊन सतरा सेकंद झाले नाहीत तोच ईस्ट बंगालच्या जाळ्यात चेंडू गेला. मारणारा होता मोहंमद अकबर, हबीबचा धाकटा भाऊ. तेवढ्या एका गोलावर बागान जिंकले आणि त्या वर्षीची लीगही त्यांनीच घेतली. थोरल्याला लोक 'बडे मियाँ' म्हणत आणि धाकट्याला 'छोटे मियाँ'.

पुढल्या वर्षी तर नवलच घडले. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ईडन गार्डन्सवर न्यूयॉर्कचा कॉसमॉस संघ मोहन बागानशी खेळायला उतरला आणि त्या संघात साक्षात पेले होता! निवृत्तीला त्याला आठवडाच उरला होता. पावसाने मैदान भिजलेले, माणसांनी काठोकाठ भरलेले. कॉसमॉसच्या कार्लोस अल्बर्टोने पहिला गोल केला. श्याम थापाने तो फेडला. दुसरा गोल केला आमच्या हबीबने आणि काही काळ का होईना, एका हिंदी क्लबने पेलेच्या संघावर आघाडी घेतली. शेवटी किनालियाने पेनल्टीवर गोल केला आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला. त्याच वर्षी बागानने शील्ड, रोव्हर्स आणि ड्युरँड असे तिन्ही करंडक पटकावले.

इथे कोणी म्हणेल, आता तरी हा माणूस एका घरात स्वस्थ बसला असेल. छे! १९७९ मध्ये तो मोहमेडनमध्ये गेला आणि १९८० मध्ये ईस्ट बंगालमध्ये परत आला. त्या वर्षी ईस्ट बंगालची अवस्था दारुण होती. संघातले कितीतरी नावाजलेले खेळाडू एकाच वेळी सोडून गेले होते. घर रिकामे झाले असताना जुना गडी परत आला. तेव्हा हबीब तिशी ओलांडलेला होता. फुटबॉलपटूच्या आयुष्यात तिशी म्हणजे संध्याकाळ. माजिद बिस्कर आणि जमशीद नसिरी या दोन इराणी तरुणांच्या जोडीने ईस्ट बंगाल उभे राहिले आणि त्या साली फेडरेशन कपात बागानच्या बरोबरीने संयुक्त विजेते ठरले. त्याच वर्षी हबीबला अर्जुन पुरस्कार मिळाला.

पण १९८० हे साल कलकत्ता आणखी एका कारणाने विसरत नाही. १६ ऑगस्टला ईडन गार्डन्सवर या दोन संघांचा सामना चालू असता प्रेक्षकांत दंगल उसळली. चेंगराचेंगरी झाली आणि सोळा माणसे मेली. सामना पाहायला घरातून निघालेली सोळा माणसे! आयुष्यात आपला संघ बदलण्याचा विचारही त्यांच्यापैकी कोणी कधी केला नसेल. निष्ठा वाईट नाही. पण ती डोळे मिटून डोक्यात शिरली, की तिचे मोल कोणत्या तरी आईला मोजावे लागते. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे सांगितले, तेव्हा थोडा वेळ वर्ग चिडीचूप झाला.

१९८२ मध्ये हबीब पुन्हा मोहन बागानला गेला आणि १९८४ पर्यंत तिथे खेळून त्याने बूट उतरवले. हिशेब केला तर सात वेळा त्याने सदरा बदलला, तोही एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या तीन घरांमध्ये. नोकरीचा आधार न घेता निव्वळ खेळावर जगणारा आपल्या देशातला पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून त्याचे नाव घेतात. आणि नवल हे, की तिन्ही घरांत त्याला आदराने 'बडे मियाँ' म्हणत. असे का व्हावे?

माझ्या अल्प बुद्धीला याचे एकच कारण दिसते. आपल्याकडे म्हण आहे, ज्याचे खावे मीठ, त्याचे करावे नीट. हबीबने तीन घरांचे मीठ खाल्ले. पण ज्या दिवशी ज्याचा सदरा अंगात असेल, त्या दिवशी त्याच्यासाठी तो जीव तोडून धावला. काल ज्यांच्या पंगतीला बसलो त्यांच्याविरुद्ध आज पाय आखडता घ्यावा, असे त्याने केले नाही. सदरा बदलणे म्हणजे बेइमानी नव्हे. सदरा एकाचा घालून काम दुसऱ्याचे करणे ही बेइमानी. आणि एक फरक ध्यानात ठेवायला हवा. मलिक अंबराला बाजारात दुसऱ्यांनी उभे केले. त्याची किंमत दुसऱ्यांच्या खिशात गेली. हबीब कचेरीत स्वतः गेला, त्याने स्वतः सही केली आणि घामाचे दाम स्वतःच्या घरी नेले. याला विकले जाणे म्हणत नाहीत. याला कष्टाची भाकरी म्हणतात. शिक्षक एक शाळा सोडून दुसरीत गेला तर त्याला आपण गद्दार म्हणतो काय?

१५ ऑगस्ट २०२३ रोजी हैदराबादेत हबीबचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी १६ ऑगस्ट, ज्या दिवशी कलकत्ता त्या सोळा जणांची आठवण करते. त्या वर्षी तिन्ही क्लबांच्या लोकांनी मिळून बडे मियाँसाठी हळहळ केली. असे भाग्य एकाच घरात आयुष्य काढलेल्यांनाही क्वचित लाभते.

गोष्ट संपली, तास संपला. मुलांना ती कितपत पटली, हे मी विचारले नाही. मात्र पुढच्या रविवारी सहज आमखासवरून जात होतो. तेच दोन संघ, तोच चिखल. नव्या बुटांचा तो गडी जुन्या सोबत्यांविरुद्ध अगदी त्वेषाने खेळत होता आणि त्याला पाडायला तेही तितक्याच त्वेषाने धावत होते. मध्यंतर झाले. सगळे घामाघूम. तेव्हा माझ्या वर्गातला तो प्रश्नकर्ता वीर आपली पाण्याची बाटली घेऊन उठला, चार पावले पलीकडे गेला आणि काही न बोलता त्याने ती त्या गड्यापुढे धरली.

मी तसाच पुढे निघालो. उत्तरपत्रिका तपासून झाली होती.