फ्रेंच ताम्रमुद्राचित्रे : प्रकाशन व परकीय प्रभाव

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या खाचांत शाई भरून ती रुळांच्या दाबाने ओलसर कागदावर उतरवण्याची कला फ्रान्समध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांत बहरली, ती प्रामुख्याने परदेशी कलावंतांच्या आधारे. फ्रान्स्वा पहिला याने फाँतेनब्लो राजवाड्याच्या सजावटीसाठी रोस्सो फिओरेन्तीनो व प्रिमातिच्चो या इटालियन चित्रकारांना बोलावले आणि त्यांच्या रचनांवरून १५४० नंतरच्या दशकात आंतोनिओ फांतुत्सी प्रभृतींनी अम्लरेखने केली; अम्लरेखनात पत्र्यावरील लेप सुईने खरवडून उघडे पडलेले तांबे अम्लाकडून खोदवले जाते. ही चित्रे धसमुसळी, पण जिवंत आहेत.

पुढे अँटवर्पकडील फ्लेमिश कारागिरांनी कोरणीची काटेकोर शैली पॅरिसला आणली. ताव्हेर्निए घराणे त्यांपैकीच. सँ-झाक रस्त्यावर एकवटलेल्या या धंद्यात खरे भांडवल म्हणजे पत्रेच असत : ते वारशाने जात, विकले जात, झिजल्यावर पुन्हा कोरले जात आणि तळाशी जुन्या प्रकाशकाचे नाव घासून नवे घातले जाई, त्यामुळे केवळ नावावरून कालनिश्चिती करणे धोक्याचे ठरते.

लॉरेनच्या झाक कालो (१५९२–१६३५) याने फ्लॉरेन्समध्ये कठीण रोगणाचा लेप वापरून अम्लरेखनाला कोरणीची धार दिली. त्याची युद्धाच्या हालअपेष्टांवरील १८ चित्रांची माला १६३३ मध्ये पॅरिसला इस्राएल आंरिए याने प्रसिद्ध केली. हेच तंत्र आब्राम बोस याने १६४५ च्या ग्रंथात सविस्तर मांडले व त्याची जर्मन, डच, इंग्रजी रूपांतरे लवकरच निघाली.