ठशांचं दप्तर

दिल्लीतल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, जन्म १९८६ सालचा. मूळ मात्र १८९७च्या कोलकात्यात, तिथे सुरू झालेल्या बोटांच्या ठशांच्या कार्यालयात. स्कॉटलंड यार्डात असं कार्यालय निघालं ते १९०१ मध्ये.

ठसा घेणं सोपं. हजारो कागदांतून हवा तो काढायचा कसा? अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ही गाठ सोडवली. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या, चक्र कोणत्या बोटावर आहे यावरून आकडे मांडायचे आणि कागद १०२४ कप्प्यांपैकी एकात टाकायचा. नाव लागलं त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं. ही पद्धत आजही ‘हेन्री पद्धत’ म्हणूनच शिकवतात.

१८९८ मध्ये जलपायगुडीतल्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनाचा खटला चालला. घरातल्या पंचांगावर अंगठ्याचा रक्ताळलेला ठसा होता. तो दप्तरातल्या, चोरीची शिक्षा भोगलेल्या जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीत दोषी धरलं, खुनात नाही. ठसा माणूस तिथे होता एवढंच सांगतो, हे तेव्हाच्या न्यायाधीशांना कळत होतं.

सरकारला ते कळलं असं म्हणवत नाही. १९११च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा जमातीतल्या नोंद झालेल्या कोणाचेही ठसे घेण्याची मुभा दिली. गुन्हा केलेला असण्याची अट नव्हती. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहिलेल्या पिढ्यांनी ही नोंद सोसली. कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. पारधी वस्तीवर आजही विचारून पाहा.

१९८६ मध्ये सीबीआयकडचं केंद्रीय ठसे कार्यालय, पोलिसांचं संगणक संचालनालय आणि गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी शाखा एका छताखाली आली. दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकणारे गुन्ह्यांचे आकडे याच विभागाचे. तो अहवाल १९५३पासून निघतो. पुढे सीसीटीएनएस या संगणकजाळ्याने पोलीस ठाणी जोडली.

२०२२च्या कायद्याने ठशांबरोबर बुबुळांची नोंदही आली, तीही नुसत्या अटकेवर, ७५ वर्षांसाठी. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस शेवटी निर्दोष सुटला, तर नोंद नष्ट करावी असंही त्यात आहे. न्यायालयाने लेखी कारण देऊन ती राखली तर गोष्ट वेगळी. नष्ट केल्याचा दाखला त्या माणसाच्या हाती, न मागता, पडला पाहिजे.