करडईची साक्ष

सोलापूरकडच्या रब्बी ज्वारीच्या शेतात कडेने करडईचे पट्टे पेरण्याची चाल जुनी आहे. झाड अंगाने काटेरी, त्यामुळे चुकार जनावर पिकात तोंड घालीत नाही. पाने कोवळी असतात तोवर भाजी होते, पुढे बियांचे तेल निघते आणि उरलेली पेंड गोठ्यात जाते. एवढा कामसू आणि इतका अबोल गडी दुसऱ्या पिकात सापडायचा नाही. सोलापूरच्या संशोधन केंद्राने त्याचा एक वाण काढला, त्याला नावही आपल्या नदीचे दिले, 'भीमा'. अशा या गावरान पिकाला विसाव्या शतकात सिडनी शहरी एका मोठ्या वादात साक्षीला उभे राहावे लागले, ती हकीकत सांगायची आहे.

वाद कोलेस्टेरॉलचा. हे काही विष नव्हे. आपले यकृतच ते तयार करते. पेशींच्या आवरणाला, पित्ताला, कित्येक अंतःस्रावांना ते लागते. पण 1913 साली अनिच्कोव्ह या रशियन संशोधकाने सशांना ते भरपूर खाऊ घातले आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर साचलेले दाखवले. पुढे 1950 नंतर आढळले की लोणी-चरबीऐवजी काही वनस्पतींची तेले खाल्ली, तर माणसाच्या रक्तातले कोलेस्टेरॉल उतरते. करडईच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलिक आम्ल असते, आणि ही करामत मुख्यतः त्याचीच. झाले! घाण्यावरचे तेल हृदयाचे औषध ठरले. आकडा उतरला म्हणजे आयुष्य वाढले, असे सर्वांनी गृहीत धरले.

सिडनीत 1966 साली ते पडताळून पाहायचे ठरले. हृदयविकाराचा झटका किंवा तशीच दुखणी नुकतीच होऊन गेलेले 458 पुरुष घेतले, वये 30 ते 59. त्यांपैकी 221 जणांना लोण्या-चरबीच्या जागी करडईचे तेल आणि त्याच तेलाचे मार्गारिन खायला सांगितले. उरलेले 237 आपापल्या जेवणावर राहिले. प्रयोग 1973 पर्यंत चालला. करडईवाल्यांचे कोलेस्टेरॉल ठरल्याप्रमाणे उतरले. पण दगावले कोण किती? करडईवाल्यांतले 39, दुसऱ्यांतले 28. म्हणजे शेकडा 17.6 आणि 11.8.

मृत्यू अधिक झाल्याचे 1978 च्या अहवालात होते. हृदयविकाराने किती, हे मात्र नव्हते. तो हिशेब जुन्या चुंबकीय फितीवर पडून राहिला. ख्रिस्तोफर रॅम्सडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा वाचून 2013 साली प्रसिद्ध केला: हृदयविकाराने गेलेले शेकडा 16.3 आणि 10.1. ज्या रोगासाठी तेल दिले, त्याच रोगाने अधिक माणसे नेली!

अमेरिकेतल्या मिनेसोटाची गोष्ट याच्याच जोडीची. तिथे 1968 ते 1973 या काळात मनोरुग्णालयांतल्या आणि एका शुश्रूषागृहातल्या नऊ हजारांवर माणसांवर मक्याच्या तेलाचा प्रयोग झाला. प्रमुख संशोधक इव्हान फ्रांट्झ वारले. पुढे त्यांच्या मुलाला घराच्या तळघरात जुनी खोकी सापडली. ते कागद तपासून 2016 साली जो हिशेब निघाला, त्यातही कोलेस्टेरॉल उतरले होते, पण आयुष्य वाढले नव्हते. उलट ज्यांचे अधिक उतरले, त्यांच्यात मृत्यूचा धोका अधिक दिसला. मुलाने ती खोकी रद्दीत घातली असती तर?

आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. सिडनीची माणसे थोडी होती, आधीच आजारी होती, आणि घोटाळा तेलाने केला की मार्गारिनने, हे सुटे करून सांगणे अवघड. एवढ्यावरून घरातला करडईचा डबा ओतून देऊ नये. मीही देणार नाही.

गोळ्यांचा इतिहास असाच काटेरी आहे. ट्रायपॅरॅनॉल नावाचे औषध 1960 साली अमेरिकेत विकायला आले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची अगदी शेवटची पायरी ते अडवी. मागावर लुगडे विणत आणावे आणि किनारीपाशी धोटा थांबवावा, तसे झाले. अर्धवट माल अंगात साचला, रोग्यांचे केस गळाले, डोळ्यांत मोतीबिंदू आले. 1962 साली औषध मागे घ्यावे लागले. नंतर क्लोफायब्रेट आले. एडिंबरा, प्राग आणि बुडापेस्ट या शहरांतल्या मोठ्या चाचणीत त्याने हृदयविकाराचे झटके कमी केले खरे, पण एकूण मृत्यू गोळी घेणाऱ्यांतच अधिक भरले.

जपानच्या अकिरा एंडो यांनी 1973 साली बुरशीतून जे द्रव्य शोधले, ते या कामाची सुरुवातीची पायरी अडवते. अर्धवट माल साचण्याचे भय त्यात नाही. आजच्या स्टॅटिन गोळ्यांचा वंश तोच. त्यांच्याविषयीचा संशय 1994 साली पुष्कळसा फिटला. स्कँडिनेव्हियात 4444 हृदयरोग्यांवर चाचणी झाली, आणि या वेळी आकड्याबरोबर माणसेही मोजली: नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांतले 256 गेले, औषध घेणाऱ्यांतले 182. तेव्हा ज्यांना डॉक्टरांनी ही गोळी दिली आहे, त्यांनी एका शाळामास्तराचा लेख वाचून ती बंद करू नये. तरी याच घराण्यातले सेरिव्हास्टॅटिन स्नायू झिजवून जीव घेते, असे दिसून आले, आणि 2001 साली तेही बाजारातून उठले.