तमर-ए-हिंद आणि आमची चिंच

परभणीहून पूर्णेकडे जाताना पिंगळी हे छोटे स्थानक लागते. काळ्याभोर जमिनीच्या या मुलुखात बांधावरची चिंच दुरूनच ओळखू येते. तिच्या ढोलीत पिंगळा राहतो. पण गावाच्या नावाची व्युत्पत्ती त्या पक्ष्याशी जोडण्याचा मोह आम्ही आवरतो. नावांच्या बाबतीत चिंचेनेच पुरेसा घोळ घातला आहे.

अरबांनी या फळाला 'तमर-ए-हिंद', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटले. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली तेथेच छापलेल्या ग्रंथात, हे झाड खजुराच्या जातीचे नव्हे, असा खुलासा केला. तरीही १७५३ साली लिनियसने शास्त्रीय नाव दिले ते 'टॅमरिंडस इंडिका'. एका नावात भारत दोनदा आला, आणि झाड मूळचे निघाले आफ्रिकेचे!

मग चिंच परकी म्हणावी काय? गंगेच्या खोऱ्यातील नरहन येथे इसवी सनापूर्वी सुमारे १३०० वर्षांचा तिच्या लाकडाचा कोळसा सापडला आहे. संस्कृतात ती चिंचा आहे, तिंतिडी आहे. आमच्या मते मात्र खरा पुरावा गावच्या बोलीत आहे. कोवळा पाला तो चिगूर, कोवळे फळ ते बुटूक, पिकण्याच्या वाटेवरचे ते गाभुळलेले, बी तो चिंचोका. 'गाभुळलेली' या शब्दाला दुसरा पर्याय कोणी सुचवून पाहावा! परक्या वस्तूसाठी भाषा इतके शब्द खर्ची घालत नाही.

उपयोगही तसेच मुरलेले. चिगुराची भाजी, सार, आमटी हे तर झालेच. देवघरातील तांब्या-पितळेची भांडी चिंचेतील आम्लानेच उजळतात. चिंचोक्याची खळ धनगरांच्या घोंगडीला ताठपणा देते. फोडलेले चिंचोके फासे म्हणून सारीपाटावर पडतात. कठीण लाकडाचे घाणे, मुसळे होत, आणि त्याच्या कोळशाची बंदुकीची दारू. फाल्गुन-चैत्रात आकडे झोडपून झाले की बायका चिंच फोडायला बसतात. शेतात काम नसण्याच्या दिवसांत ही मजुरी घराला आधार देते. याची नोंद कोणत्या बखरीत असणार?

एक नोंद मात्र आहे. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला आणि अफजलगंजजवळच्या एका चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड पुढे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आले. चिंचेवर हडळ असते, असे ऐकत वाढलेल्या आम्हांला ही हकीकत वाचून त्या झाडाची जरा क्षमाच मागावीशी वाटली.

चिंचेवर शेतकऱ्याचा राग असतो, तोही समजण्यासारखा आहे. तिच्या गर्द सावलीत पीक वाढत नाही, आणि बियाण्यापासून लावलेले झाड फळास यायला आठ-दहा वर्षे घेते. रस्ता रुंद करायचा झाला की कडेची चिंच आधी जाते. चिंचोली नावाची गावे मराठवाड्यात ठिकठिकाणी आहेत. झाड गेले तरी नाव उरते, पण चिगूर आणि बुटूक हे शब्द त्या नावाच्या आधाराने उरतील असे आम्हांस वाटत नाही.

कलमी झाड चार-पाच वर्षांत धरते. १९७२ साली परभणीत स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, हिमायतबाग केंद्राने चिंचेचा एक वाण निवडून काढला. त्याला नाव दिले ते पैठणचे जुने: 'प्रतिष्ठान'.