घसारा : गाडीचा आणि गाडीवानाचा

बँकेतल्या माणसाचा कशावरही पटकन विश्वास बसत नाही. बिचाऱ्याचा इलाज नसतो, पगारच त्याला त्याचा मिळतो. तुम्ही तीस वर्षं आमचे खातेदार असाल, पण चेकवरच्या सहीतला 'र' जरा वेगळा वळला की आम्ही नमुन्याची सही काढून बसलोच. पेन्शनरांकडून तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. एकदा एक निवृत्त हेडमास्तर काउंटरवर कडाडले, "अरे, मी तुझ्यासमोर उभा आहे ना?" म्हटलं, "सर, तुम्ही आहात हो, पण कागदावर अजून नाही आहात."

असा माणूस मोटार चालवण्याच्या परवान्याचा इतिहास वाचायला बसला, तर त्याची झोप उडणारच. त्यातून विलायतेचा इतिहास असेल तर विचारूच नका.

ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्यानं परवाना आला. किंमत पाच शिलिंग. परीक्षा? छे! पैसे भरा, पावती घ्या आणि सुटा. दरवर्षी पुन्हा पाच शिलिंग भरायचे, की पुन्हा सुटा. आमच्या भाषेत याला परवाना म्हणत नाहीत, वर्गणी म्हणतात. त्यातून १९३० साली सरकारला वाटलं की मोटारवाले सभ्य गृहस्थ आहेत, त्यांना कशाला बांधायचं? म्हणून मोटारींवरची वेगमर्यादाच काढून टाकली. १९३१ साली 'हायवे कोड' नावाची नियमांची पुस्तिका काढली, किंमत एक पेनी. सभ्य गृहस्थांनी ती किती वाचली याचा हिशेब १९३४ साली लागला. त्या एका वर्षात रस्त्यांवर सात हजारांहून जास्त माणसं गेली, आणि त्यांतली बहुसंख्य पायी चालणारी नाहीतर सायकलवर बसलेली होती.

मग मात्र सरकार हललं. १९३४ चा कायदा झाला, वस्तीत ताशी तीस मैलांची मर्यादा आली आणि वाहतूकमंत्री होअर-बेलिशा यांच्या कारकिर्दीत १९३५ साली चालकाची परीक्षा सुरू झाली. फी साडेसात शिलिंग. याच मंत्रिमहाशयांनी डिसेंबर १९३४ मध्ये लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यूवर सायकलींसाठी वेगळी वाट करून दिली. सायकलवाले खूश झाले म्हणता? उलट बिथरले. आज वेगळी वाट दिली, उद्या रस्त्यावरून हाकलतील, असं त्यांचं म्हणणं. हातात बोनस ठेवला की यामागे काय डाव आहे म्हणून विचारणारी युनियन आम्हाला नवी नाही, त्यामुळे मला ते पटलं.

पण खरी गंमत कायद्याच्या बारीक अक्षरात आहे. परीक्षा कुणाला? १ एप्रिल १९३४ रोजी किंवा त्यानंतर गाडी चालवायला लागलेल्यांना. आधीच्यांना माफ! म्हणजे ज्यांच्यामुळे परीक्षा आली, तेवढेच वगळून बाकी सगळे परीक्षेला. पुढे दुसरं महायुद्ध आलं, तेव्हा परीक्षा बंद. १९५६ साली सुएझचं प्रकरण झालं, पेट्रोलचा तुटवडा पडला, पुन्हा परीक्षा बंद. परीक्षकांना पेट्रोलच्या रेशनिंगच्या कामाला जुंपलं, आणि शिकाऊ चालकांना शेजारी जाणकार न बसवता गाडी चालवायची मुभा मिळाली. निवडणुकीच्या ड्यूटीवर गेलेल्या आमच्या कॅशियरची आठवण झाली. पण त्या दिवशी आम्ही निदान तिजोरी गिऱ्हाइकांवर सोडून जात नाही.

१९६० साली मोटारींचीच तपासणी सुरू झाली. आज तिथे तीन वर्षांहून जुनी मोटार दरवर्षी तपासून घ्यावी लागते. आणि चालक? १९७६ पासून परवाना एकदम सत्तरीपर्यंतचा. सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी एक फॉर्म भरायचा, त्यात आपली तब्येत आणि नजर ठीक असल्याचं आपणच लिहायचं. मी बी. कॉम. ला असताना यंत्राचा घसारा दरवर्षी काढायला शिकलो. इथे यंत्राचा घसारा चोख धरलाय, आणि यंत्र चालवणाऱ्याचं मूल्य मात्र खरेदीच्याच किमतीला पुस्तकात! कुठला ऑडिटर यावर सही करील?

बरं, हा नुसता हिशेबाचा विनोद असता तर हसून सोडून दिला असता. १९ एप्रिल २०१९ रोजी तोक्योच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका गृहस्थांची मोटार सुसाट सुटली. सायकलवरून जाणारी एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी जागच्या जागी गेल्या. म्हातारबुवांचं म्हणणं, गाडीत बिघाड होता. कोर्टानं २०२१ साली सांगितलं, ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. आणि पाच वर्षांची कैद दिली. जपाननं २०२२ पासून पंचाहत्तरी गाठलेल्या आणि ठरावीक नियम मोडलेल्या चालकांना प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवण्याची सक्ती केली.

तेव्हा म्हाताऱ्यांचे परवाने काढून घ्या, असं तुम्ही म्हणणार. थांबा. डेन्मार्कनं २००६ साली सत्तरीच्या चालकांना बुद्धी तल्लख आहे का ते पाहणारी चाचणी लावली. २०१२ साली अभ्यासकांनी आकडे मांडले, तर मोटारींत मरणारे म्हातारे कमी झालेच नव्हते; उलट पायी आणि सायकलवर मरणारे म्हातारे वाढले होते. साधी गोष्ट आहे. आजोबांकडून किल्ली काढून घेतली म्हणून आजोबांचं दुकानात जाणं थांबत नाही. ते सायकल काढतात. म्हणजे इकडची रक्कम तिकडच्या खात्यात टाकली, तूट तेवढीच राहिली. शिवाय विलायतेत विम्याचा जबर हप्ता बसतो तो विशीच्या पोरांना, आजोबांना नव्हे.

आपल्याकडे परवान्यासाठी चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनुसार पंचावन्नीपासून परवान्याची मुदत पाच वर्षांची. पण वेळेत नूतनीकरण केलंत तर गाडी चालवून दाखवायला कुणी सांगत नाही.

माझं कारकुनी मत विचाराल तर प्रश्न वयाचा नाहीच, पासबुक भरून घेण्याचा आहे. ब्रिटनच्या हायवे कोडात २०२२ साली नवं कलम आलं : सायकलला मागे टाकताना निदान दीड मीटर अंतर सोडा, वेग ताशी तीस मैलांच्या वर असेल तर आणखी जास्त. १९७० साली पास झालेल्याला हे कोण सांगणार? आणि २०१० साली पास झालेल्याला तरी कोण सांगणार? म्हणून दर दहा वर्षांनी सगळ्यांनाच बसवा परीक्षेला, नातवाला आणि आजोबांना एकाच बाकावर. कुणाचा अपमान नाही, कुणाला माफी नाही.

आणि तो दीड मीटर लक्षात राहत नसेल तर आपल्या आजीचं बोलणं आठवा : चार हात लांब राहावं. अठरा इंचांचा एक हात धरून मी हिशेब केला. चार हात म्हणजे एक मीटर त्र्याऐंशी सेंटिमीटर. आजी विलायत सरकारपेक्षा तेहतीस सेंटिमीटरनं उदार निघाली, आणि तिनं तर जन्मात मोटार चालवली नव्हती.