डॉक्टर, करंट कसाले? नसांना वीज लावून पाहण्याची गोष्ट, आणि फवारणीच्या विषाचा तिसरा दिवस

नसांची तपासणी लिहून दिली की हा प्रश्न येतोच. रुग्ण अमळनेर-पारोळ्याकडचा असेल तर थेट अहिराणीत: "डॉक्टर, करंट कसाले?" कागदावर आम्ही एन.सी.व्ही. किंवा ई.एम.जी. लिहितो, पण जळगाव-धुळ्याकडे तिचं नाव 'करंटची तपासणी' असंच पडलं आहे, आणि ते चुकीचंही नाही. मनगटाजवळ किंवा कोपराजवळ नसेवर विजेचा बारीकसा झटका देतात, बोटं आपोआप हलतात आणि पडद्यावर एक उंचवटा उमटतो. झटका असतो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा. अजिबात दुखत नाही असं मी म्हणणार नाही. जोरात टिचकी मारल्यासारखं वाटतं, आणि काहींना ते मुळीच आवडत नाही.

बहुतेकांची ही तपासणी मधुमेहामुळे पायाला येणाऱ्या मुंग्यांसाठी किंवा मनगटात दबलेल्या नसेसाठी होते. आज मात्र मला तिचा दुसरा उपयोग सांगायचा आहे. त्याचा संबंध कपाशीच्या फवारणीशी आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं काम आपल्याच राज्यात, पुण्यात झालेलं आहे.

आधी माझी एक चूक सांगतो. मी तेव्हा निवासी डॉक्टर होतो. कपाशीवर दिवसभर पाठीवरच्या पंपाने फवारणी केलेला एक तरुण रात्री आणला. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकून मोकळं करायचं, ही सवय. तोंडाला फेस, अंगभर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. रात्रभर अॅट्रोपिन चाललं. सकाळी फेस थांबला, छाती मोकळी झाली, दुपारी त्याने चहा मागितला. आई म्हणाली, "विष उतरलं." मलाही तसंच वाटलं. मी केसपेपरवर लिहिलं: सुधारणा, उद्या घरी. तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, मान जड वाटते. मी म्हटलं, झोपून झोपून होतं तसं. दुपारी त्याला उशीवरून डोकं उचलता येईना, आवाज नाकातून यायला लागला आणि श्वास उथळ झाला. व्हेंटिलेटर मोकळा नव्हता. मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत त्याचा भाऊ आणि मी आळीपाळीने हाताने फुगा दाबत राहिलो. तो वाचला. पण शुद्धीत असलेला, डोळ्यांनी आपल्याकडे बघणारा माणूस श्वास घेऊ शकत नाही, हे दृश्य विसरता येत नाही. अॅट्रोपिन पुरेसं दिलेलं होतं. मग बिघडलं कुठे?

ते समजायला बेडकापासून सुरुवात करावी लागते.

इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्वानी या वैद्याने मेलेल्या बेडकाच्या पायाच्या नसेला वीज लावली की पाय उडतो, हे पाहिलं आणि १७९१ साली छापून प्रसिद्ध केलं. शरीरातच वीज असते असं त्याचं म्हणणं. व्होल्टाने ते खोडायचा प्रयत्न केला आणि त्या भांडणातून बॅटरी जन्माला आली, पण ती गोष्ट वेगळी. पुढे १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने बेडकाच्या नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं: सेकंदाला साधारण २७ मीटर. त्याआधी हा वेग मोजताच येणार नाही असं मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणत होते. आज आपल्या हाताच्या नसेत तो ५० ते ६० मीटर भरतो. तुमच्या रिपोर्टवर जो आकडा छापून येतो, तो त्याच मोजणीचा वंशज.

पण माझ्या मते खरी हुशारी दाखवली ती फ्रान्सच्या क्लोद बर्नारने. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीच्या बाणांना क्युरारे नावाचं विष लावत. जनावर जागच्या जागी लुळं पडे. नस मेली की स्नायू मेला? बर्नारने क्युरारे दिलेल्या बेडकाच्या नसेला वीज लावली. पाय हलला नाही. मग तीच वीज सरळ स्नायूला लावली. स्नायू टणकन आखडला. म्हणजे स्नायू जिवंत. नुसती नस विषात बुडवून ठेवली, तर तीही संदेश वाहून नेत होती. म्हणजे नसही जिवंत. बिघाड होता दोघांच्या मध्ये, नस जिथे स्नायूला भेटते त्या सांध्यात.

विहिरीवरची मोटर बंद पडली की वायरमन हेच करतो. खांबावर टेस्टर लावतो: लाइन आहे. मोटरला थेट जोडणी देऊन बघतो: मोटर फिरते. मग म्हणतो, भाऊ, स्टार्टर गेला. वीज कुठे लावली की काय होतं, यावरून बिघाडाची जागा सापडते. करंटच्या तपासणीचं सगळं शास्त्र या एका युक्तीवर उभं आहे. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत आजही तसंच करतात. स्नायूचा किंवा आतड्याचा तुकडा कोमट क्षारपाण्यात टांगायचा आणि दोन बाजूंच्या तारांमधून वीज सोडायची. अगदी छोटा झटका दिला तर तुकड्यातली नसांची टोकं जागी होतात, लांब झटका दिला तर स्नायू स्वतःच दाद देतो. १९४६ मध्ये एडिथ ब्युलब्रिंग यांनी उंदराच्या छातीखालचा श्वासाचा पडदा त्याच्या नसेसकट काढून अशा पाण्यात चालता ठेवला. औषध-गोळ्यांच्या किती परीक्षा त्या चिमुकल्या पडद्यावर झाल्या असतील!

आता त्या सांध्यात काय असतं ते बघू. नसेचं टोक स्नायूला प्रत्यक्ष चिकटलेलं नसतं. मध्ये केसाहूनही बारीक फट असते. नसेतून संदेश आला की टोकातून असिटाइलकोलीन नावाचं रसायन सुटतं, फट ओलांडतं आणि स्नायूला सांगतं: आखड. काम झालं की एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचा लगेच निकाल लावतं, म्हणून पुढच्या संदेशाला जागा मोकळी होते. या रसायनाच्या शोधासाठी हेन्री डेल आणि ऑटो ल्योवी यांना १९३६ चं नोबेल मिळालं. आणि त्याच वर्षी, त्याच डिसेंबर महिन्यात, जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनतज्ज्ञ किडी मारायचं औषध शोधता शोधता टाबून नावाच्या भयंकर विषापर्यंत पोचला. ते विष नेमकं त्या विकरालाच बंद पाडतं. जर्मन लष्कराने ते युद्धासाठी उचललं. त्याच घराण्यातली पुढची रसायनं शेतात आली: पॅराथिऑन, मॅलेथिऑन, डायझिनॉन, आपल्या कपाशीवरचं मोनोक्रोटोफॉस. यांना ऑर्गॅनोफॉस्फरस म्हणतात. अळीवर ते जे करतं, तेच फवारणाऱ्यावर करतं. फरक फक्त मात्रेचा.

विकर बंद पडलं की असिटाइलकोलीन साचत जातं. लाळ, घाम, छातीतला स्राव, बारीक बाहुल्या हा त्याचा पहिला हल्ला, आणि त्यावर अॅट्रोपिन उत्तम चालतं. पण अॅट्रोपिन नस आणि स्नायूच्या सांध्यावर काम करत नाही. तिथलं दार वेगळं, किल्ली वेगळी. तिथे साचलेलं रसायन आधी स्नायूला फडफडवतं आणि मग, सतत ओरडणाऱ्याकडे लक्ष देणं आपण जसं सोडून देतो, तसा स्नायू ऐकेनासा होतो.

पुण्यात डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायझिनॉन पोटात गेलेल्या लागोपाठच्या २०० रुग्णांची बारकाईने नोंद ठेवली आणि ती १९७४ मध्ये मेंदूविकारांच्या एका नामवंत ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली. डायझिनॉन त्या काळी घराघरात ढेकूण-झुरळांसाठी असायचं. त्यांच्या लक्षात आलं की अशक्तपणा एक नाही, दोन आहेत. एक, रुग्ण येतो तेव्हाच असलेला. तो अॅट्रोपिनने सुधारतो. दुसरा, चोवीस तासांनंतर, उपचार चालू असताना येणारा. यात खांदे, मांड्या आणि डोक्यातून निघणाऱ्या नसांचे स्नायू ढिले पडतात, आणि अॅट्रोपिनचा त्याला काही उपयोग होत नाही. त्यांनी याला दुसऱ्या प्रकारचा पक्षाघात म्हटलं. हे सारं त्यांनी खाटेशेजारी उभं राहून, हातोडी आणि नोंदवही घेऊन टिपलं होतं. मोठी यंत्रं हाताशी नसताना निव्वळ निरीक्षणातून किती कळू शकतं, याचं मला अजून नवल वाटतं.

मग १९८७ मध्ये याच गटाने करंटची तपासणी या रुग्णांवर केली, आणि एकदाच नाही तर दिवसांमागून दिवस पुन्हा पुन्हा. त्यांना जे दिसलं ते असं. निरोगी माणसाच्या नसेला एक झटका दिला की स्नायू एकदाच दाद देतो. या रुग्णांत एकाच झटक्याला स्नायू अनेकदा उडत होता, कारण साचलेलं रसायन त्याला पुन्हा पुन्हा ढोसत होतं. झटके ओळीने दिले की काहींत उंचवटा आधी खाली जाई आणि मग पुन्हा वर येई. काहींत मात्र तो खाली खालीच जात राही. स्नायू थकत चालला होता, आणि तेही रुग्णाने स्वतः काही श्रम न करता. झटके ओळीने देऊन थकवा पाहायची ही रीत जुनी. बर्लिनच्या फ्रीडरिश योली यांनी १८९५ मध्ये मायस्थेनियाच्या रुग्णांत ती वापरली होती, आणि १९४१ मध्ये अमेरिकेत हार्वी व मॅस्लँड यांनी त्यात मोजमाप आणलं. पुण्याच्या मंडळींनी ती कीटकनाशकाच्या वॉर्डात आणली. नस शाबूत, स्नायू शाबूत, बिघाड मधे: बर्नारच्या बेडकाचं उत्तर आता माणसात दिसत होतं.

त्याच १९८७ मध्ये श्रीलंकेच्या सेनानायके आणि करालिएद्दे या डॉक्टरांनी दहा रुग्णांवरून हाच आजार अमेरिकेतल्या मोठ्या नियतकालिकात मांडला आणि त्याला 'इंटरमिजिएट सिंड्रोम' हे नाव दिलं. मधला, कारण तो पहिल्या झटक्यानंतर आणि दोन-तीन आठवड्यांनी कधीकधी येणाऱ्या पायांच्या लुळेपणाच्या आधी येतो. वेळ: विष गेल्यापासून २४ ते ९६ तास. नाव श्रीलंकेचं रूढ झालं, ते सुटसुटीत होतंच. पण तेरा वर्षं आधी पुण्यात हीच गोष्ट लिहून ठेवलेली होती, आणि विद्यार्थ्यांना शिकवताना मी ते आवर्जून सांगतो.

या शोधाचा रुग्णाला फायदा काय? बिघाड सांध्यात असेल तर तो कायमचा नसतो. शरीर नवं विकर तयार करतं, सांधा पुन्हा काम करू लागतो. काहींना आठवडा लागतो, काहींना अडीच आठवडे. तेवढे दिवस कोणीतरी त्याच्यासाठी श्वास घेतला पाहिजे, म्हणजे व्हेंटिलेटर. लुळा पडलेला माणूस पाहून घरचे खचतात, पैसे संपत आलेले असतात, कोणी म्हणतं घरी नेऊ. अशा वेळी मी त्यांना पडद्यावरचा तो उंचवटा दाखवतो: आज एवढा होता, परवा एवढा होता. आकडे कळले नाहीत तरी वाढ दिसते.

करंटचं यंत्र प्रत्येक तालुक्याला नसतं, आणि या आजारात जीव वाचवायला ते लागतंच असंही नाही. उशीवर साधी परीक्षा होते. विषबाधेनंतरचे चार दिवस, रुग्ण कितीही बरा दिसला तरी, त्याला दिवसातून तीन-चार वेळा पाठीवर झोपवून म्हणायचं: हात न टेकता डोकं उचल. काल उचलत होता आणि आज उचलत नाही, तर लगेच नर्सला आणि डॉक्टरला सांगायचं. पापण्या खाली येणं, एकाचे दोन दिसणं, गिळताना ठसका, नाकातला आवाज, एका दमात पूर्वीपेक्षा कमी आकडे म्हणता येणं, यातलं काहीही दिसलं तरी तेच. बाहुली मोठी झाली, तोंड कोरडं पडलं, याचा अर्थ अॅट्रोपिन लागू पडलं एवढाच. विष उतरलं असा नाही. दुसऱ्या दिवशी सही करून घरी नेऊ नका. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. व्हेंटिलेटर कुठे मोकळा आहे ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. तिसऱ्या दिवशी धावपळीत विचारायला वेळ नसतो. आणि विषाची बाटली किंवा तिच्यावरचं लेबल सोबत आणा. त्यावरचं नाव पाहून आमचे अर्धे प्रश्न सुटतात.

आता मूळ प्रश्नाकडे. तुम्हाला मुंग्यांसाठी ही तपासणी लिहून दिली असेल तर यातलं काही घाबरण्यासारखं नाही. येताना हातापायांना तेल किंवा मलम लावू नका, त्याने तारा नीट चिकटत नाहीत. थंडीच्या दिवसांत हात गार असतील तर थोडा वेळ उबेत बसवतील, कारण गार नसेत संदेश सावकाश जातो आणि आकडा उगाच कमी दिसतो. छातीत पेसमेकर असेल तर आधी सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही, कारण कधीकधी स्नायूत बारीक सुई घालावी लागते.