जुन्या गाडीचं इंजिन गेलं. काम करायचं की भंगारात द्यायची?

कोल्हापूर : इंजिन बसलं की आधी ते उघडून दोष बघावा, मग ठरवावं. नुसतं हेड गॅस्केट गेलं असेल तर थोडक्यात भागतं. पिस्टन, रिंगा, बोअर गेले तर खर्च वाढतो. क्रँक किंवा ब्लॉकच गेला तर विचार करावा.

किंमत : दुरुस्त गाडी कितीला विकली जाईल? खर्च त्याच्या निम्म्यावर जात असेल तर हात आखडावा. चॅसी गंजली असेल तर काम नकोच.

कागद : खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढं तपासणी आणि पर्यावरण कर भरून 5 वर्षं वाढते. मुदत जवळ असेल तर हा खर्चही धरा.

जुनं इंजिन बसवताना : पक्कं बिल घ्या. नवा इंजिन नंबर आरटीओत नोंदवा. नाहीतर पासिंग आणि विमा दोन्ही अडतात.

महापुरातली गाडी : 2019 आणि 2021 सारखं पाणी आलं तर बुडालेली गाडी स्टार्ट करू नका. सिलिंडरमधल्या पाण्यानं कनेक्टिंग रॉड वाकतो.

भंगारात देताना : मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रातच द्या, प्रमाणपत्र घ्या, नोंदणी रद्द करा. तोवर गाडी तुमच्याच नावावर राहते.